ब्रेव्ह्जचं २०२१चं विजेतेपद ही नशिबाची देणगी नव्हती

अटलांटा ब्रेव्ह्ज या अमेरिकन बेसबॉल संघाने २०२१ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली, तेव्हापासून एक विधान फिरतंय: 'जेमतेम ८८ विजय, दुबळा गट, ऐन वेळी गोळा केलेले चार आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातले क्षेत्ररक्षक). नशिबाने चषक मिळाला.' यातले तपशील बरेचसे खरे आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

आधी ८८ विजय. प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीच्या, दहा संघांत हाच आकडा सर्वांत लहान होता, कबूल. पण त्याची फोड करून बघा. जुलैतल्या ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत (मोसमाच्या मधल्या सुट्टीपर्यंत) ४४ विजय, ४५ पराभव. नंतर ४४ विजय आणि फक्त २८ पराभव. हा वेग मोसमाच्या पूर्ण १६२ सामन्यांना लावला तर ९९ विजय होतात. ऑक्टोबरमध्ये प्लेऑफला उतरला तो हा संघ.

गट दुबळा होता, हेही मान्य. दुसऱ्या आलेल्या फिलाडेल्फियाचे विजय ८२च. पण प्लेऑफमध्ये हरवलं कोणाला? ९५ विजयांच्या मिलवॉकीला, १०६ विजयांच्या लॉस एंजेलिस डॉजर्सना आणि ९५ विजयांच्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजना.

'चार उसने खेळाडू' हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. १० जुलैला मायामीत झेलासाठी झेपावताना रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचा गुडघा गेला. ८२ सामन्यांत २४ होमर (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारणारा खेळाडू उरलेल्या मोसमाला मुकला. अशा वेळी बहुतेक व्यवस्थापक पुढच्या वर्षाची तयारी सुरू करतात. ब्रेव्ह्जसाठी खेळाडू निवडणारे व्यवस्थापक ॲलेक्स अँथोपोलस यांनी पाचच दिवसांत जॉक पीडरसनला आणलं आणि महिना संपायच्या आत ॲडम ड्युव्हाल, एडी रोसारियो आणि होर्हे सोलेर यांनाही. यातल्या सोलेरची कॅन्सस सिटीतली फलंदाजीची सरासरी होती जेमतेम .१९२. रोसारियो तर दुखापतीमुळे बाहेर बसलेला. त्याच्या बदल्यात क्लीव्हलंडला पाब्लो सँडोवाल दिला आणि त्यांनी त्याला लगेच मोकळं केलं. म्हणजे जवळपास फुकटात मिळालेल्या रोसारियोने डॉजर्सविरुद्धच्या उपांत्य मालिकेत सहा सामन्यांत १४ हिट्स (बेस मिळवून देणारे यशस्वी फटके) मारल्या आणि मालिकावीर ठरला. वर्ल्ड सिरीजचा मालिकावीर सोलेर. याला नशीब म्हणायचं, तर पारख कशाला म्हणायचं?

शिवाय इनफिल्ड, म्हणजे बेसजवळचे क्षेत्ररक्षक, आधीपासूनचंच होतं. ऑस्टिन रायली ३३ होमर, फ्रेडी फ्रीमन ३१, ऑझी अल्बीझ ३०, डॅन्सबी स्वॉन्सन २७.

'डॉजर्सनी उपांत्य मालिका हातची घालवली' असंही ऐकू येतं. मग सहाव्या सामन्यातली सातवी इनिंग आठवा. ब्रेव्ह्जकडे ४-२ अशी आघाडी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर डॉजर्सचे धावपटू, एकही खेळाडू बाद नाही. एका हिटवर बरोबरी झाली असती. पिचर (गोलंदाज) टायलर मॅट्झेक आला आणि त्याने अल्बर्ट पुहोल्स, स्टीव्हन सूझा आणि मूकी बेट्स या तिघांना ओळीने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन-तीन स्ट्राइक टाकून बाद केलं. हाच मॅट्झेक एके काळी चेंडूवरचा ताबा हरवून मेजर लीगबाहेर फेकला गेला होता आणि टेक्सासमधल्या एका स्वतंत्र लीगच्या संघातून परत वर आला होता.

खरं तर नशीब ब्रेव्ह्जच्या विरुद्धच जास्त होतं. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात त्यांचा पिचर चार्ली मॉर्टन याच्या पायावर चेंडू आदळून हाड मोडलं. तशाच पायावर त्याने आणखी १६ चेंडू टाकले. ह्यूस्टनमधल्या सहाव्या सामन्यात पहिल्याच इनिंगला दुसरा पिचर मॅक्स फ्रीड याच्या घोट्यावर धावपटूचा पाय पडला. त्यानंतरही तो सहा इनिंग्ज टिकला आणि त्याने एकही धाव दिली नाही. सोलेरचा तीन धावांचा होमर मैदानाबाहेर गेला आणि सामना ७-० असा संपला.