"बंदरावर आपलंच चलन चालतं": चालतं, पण कुणाच्या दराने?

क्रूझला निघालेल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा: "परकीय चलन घेण्याच्या भानगडीत पडू नका. बंदरावर घरचं चलन सगळीकडे चालतं. किमतीही डॉलरमध्येच लिहिलेल्या असतात, म्हणजे फसवणुकीचा प्रश्न नाही. सुटे परत मिळतात. कार्ड मशीनने विचारलं तर आपलंच चलन निवडा, नेमके किती गेले ते कळतं. सहा-सात तासांसाठी नोटा कोण बदलणार? फरक पडलाच तर किरकोळ."

यात काही खरं आहे, बरंच अर्धवट आहे आणि कार्डाबद्दलचं वाक्य तर सरळ तोट्यात घालणारं आहे. मुळात घरच्या चलनात पैसे दिले म्हणून विनिमय टळत नाही. तो कुणीतरी करतंच. फक्त दर काय लावायचा हे मग समोरचा ठरवतो.

"सगळीकडे चालतं." हे लिहिणाऱ्याच्या मनात घरचं चलन म्हणजे अमेरिकी डॉलर, फार तर युरो असतो. ज्याच्या पाकिटात येन, रँड किंवा रुपये आहेत त्याला बंदरावर कुणी विचारत नाही. असा प्रवासी मग हा सल्ला वाचून आधी डॉलर विकत घेतो आणि तेच डॉलर बंदरावर दुकानदाराच्या दराने खर्च करतो. एका खरेदीवर दोनदा कात्री.

डॉलरवाल्यांसाठी मात्र कॅरिबियन आणि आसपासच्या काही भागांत हे अगदी खरं आहे. ग्रँड टर्क बंदर ज्या टर्क्स अँड केकॉस बेटांत आहे तिथलं अधिकृत चलनच अमेरिकी डॉलर. ब्रिटिश व्हर्जिन बेटांतही तेच. बोनेर बेटाने २०११ पासून डॉलर स्वीकारला. बहामाचा स्वतःचा डॉलर आहे, पण तो अमेरिकी डॉलरशी एकास एक बांधलेला आहे आणि नासाऊमध्ये दोन्ही नोटा एकाच गल्ल्यात पडतात. बर्म्युडातही एकास एकच. क्रूझ कंपन्यांच्या खासगी बेटांवर तर बहुधा बोटीचं कार्डच चालतं. अशी एखादी सफर करून आलेला माणूस मग "सगळीकडे" असं बिनदिक्कत लिहून मोकळा होतो. तोच माणूस नॉर्वेत फ्लोम किंवा गेरांगरला उतरला की त्याची क्रोनर या तिथल्या चलनाशी गाठ पडेल. तिथे रोख पैशांचंच काम फारसं पडत नाही, सगळं कार्डावर होतं, आणि डॉलरच्या नोटेचं कुणाला काही पडलेलं नाही.

"किमती डॉलरमध्येच लिहिलेल्या असतात." कुठल्या डॉलरमध्ये? खरी मेख इथे आहे. $ हे चिन्ह अमेरिकेची मक्तेदारी नाही. मेक्सिकोचा पेसो हेच चिन्ह वापरतो, त्यामुळे कोझुमेलमध्ये धक्क्यापासून थोडं आत गेल्यावर पाटीवर दिसलेले $२०० बहुधा पेसो असतात. बेलीझ आणि बार्बाडोस या दोन्हींचे आपापले डॉलर आहेत आणि दोन्हींचा दर पक्का: एका अमेरिकी डॉलरला दोन. टॅक्सीवाला "वीस डॉलर" म्हणाला तर ते अमेरिकी वीस की स्थानिक, यावर बिल दुप्पट किंवा निम्मं होतं. गाडीत बसण्याआधी विचारावं. उतरताना विचारलं तर उत्तर काय येईल हे सांगायला नको.

केमन बेटांत हिशेब उलटा. तिथला डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा महाग आहे. अधिकृत दर एका केमन डॉलरला १.२० अमेरिकी डॉलर, पण दुकानांत आणि हॉटेलांत सर्रास १.२५ धरतात. जॉर्जटाउनला मेन्यूवर ४० वाचून बसलेल्या माणसाचं बिल ५० अमेरिकी डॉलर होतं. यात कुणी फसवलेलं नाही. मेन्यू त्या देशाच्या चलनात होता, इतकंच.

पूर्व कॅरिबियन डॉलरचंही असंच. सेंट लुशिया, अँटिग्वा, सेंट किट्स, ग्रेनाडा अशा आठ ठिकाणी हे एकच चलन आहे आणि १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. दुकानदाराने हिशेबाला सोपं म्हणून २.५० धरला, तर २७० ची माळ १०० अमेरिकी डॉलरऐवजी १०८ ला पडते. पाटीवर अमेरिकी डॉलरचीच किंमत असेल तर दुकानदाराने कुठला दर धरलाय हे कळतसुद्धा नाही, म्हणून "पाटी डॉलरमध्ये आहे म्हणजे फसवणूक नाही" हा तर्कच उलटा आहे. अशा दुकानात स्थानिक चलनातली किंमत विचारून बघावी आणि दोन्हींचा भागाकार करावा. फोनवर दहा सेकंदांचं काम आहे.

अपवादही सांगितला पाहिजे. जिथे स्थानिक चलन झपाट्याने घसरतं, तिथे विक्रेते मुद्दाम परकीय चलनात भाव ठेवतात. तुर्कस्तानात कुशादासीच्या बाजारात गालिचा युरोत सांगितला जातो तो याच कारणाने. तिथे युरोचा आकडा हीच मूळ किंमत असते आणि लिरातला आकडा त्यावरून काढलेला. अशा वेळी युरो दिल्याने नुकसान नाही. घासाघीस मात्र करायचीच.

"सुटे परत मिळतात." मिळतात, स्थानिक चलनात. २० ची नोट देऊन ६ ची वस्तू घेतली तर उरलेल्या १४ वरही दुकानदाराचाच दर लागतो आणि हातात येतात त्या नोटा व नाणी पुढच्या बंदरावर निरुपयोगी. नाणी तर मनी चेंजर सहसा घेतच नाहीत. नोटेकडेही बघून घ्यावं. क्युरासाव आणि सिंट मार्टेनमध्ये ३१ मार्च २०२५ ला जुन्या गिल्डरच्या जागी कॅरिबियन गिल्डर आला आणि तीन महिन्यांनी जुन्या नोटांचा दुकानातला व्यवहार थांबला. घाईत परत घेतलेली नोट जुनी निघाली तर बोटीवर परतलेल्या माणसाने ती बदलायची कुठे?

नाण्यांची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. टिप म्हणून गाइडच्या हातावर आपली उरलीसुरली नाणी ठेवणारे पुष्कळ. त्या बिचाऱ्याला ती कुठलीही बँक बदलून देत नाही. परकीय टिप द्यायचीच तर छोटी, न फाटलेली नोट द्यावी.

"कार्ड मशीनवर आपलंच चलन निवडा." हा सल्ला उलटा वाचावा. मशीन दोन आकडे दाखवतं, एक स्थानिक चलनात आणि एक तुमच्या. तुमचं निवडलंत की रूपांतर तुमची बँक किंवा कार्ड कंपनी करत नाही. दुकानाच्या बाजूची सेवा कंपनी करते, तिच्या दराने, स्वतःचा नफा चढवून. वर काही बँका परदेशी व्यवहाराचं शुल्क तरीही लावतात, कारण दुकान परदेशातच आहे. म्हणजे नेमका आकडा कळतो हे खरं, पण तो मोठा आकडा असतो. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून हा चढवलेला नफा युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवणं बंधनकारक आहे. तो एकदा वाचला की पुन्हा वाद घालायची गरज उरत नाही.

निवड तुमची असते. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांत ती ग्राहकाला द्यावीच लागते. विक्रेत्याने परस्पर बटण दाबलं तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा आणि पिन टाकण्याआधी पडद्यावरचं चलन बघा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो. "रूपांतर नको" दाबलं की पैसेच मिळणार नाहीत, अशी भीती लोकांना वाटते. मिळतात, फक्त दर तुमच्या बँकेचा लागतो.

"सहा-सात तासांसाठी नोटा कोण बदलणार?" रास्त प्रश्न. गठ्ठा बदलून घ्यावा असं मीही म्हणत नाही, आणि बोटीवरच्या काउंटरवर तर मुळीच नको, तिथला दर क्वचितच चांगला असतो. बहुतेक खर्च स्थानिक चलनात कार्डावर करावा आणि बस, फळविक्रेता, सार्वजनिक स्वच्छतागृह यांच्यापुरती थोडी रोकड गावातल्या बँकेच्या एटीएममधून काढावी. एटीएमचं शुल्क बघून घ्यावं, लहान रकमेवर ते जड पडतं. पूर्व कॅरिबियनच्या तीन-चार बेटांवर बोट थांबणार असेल तर एकदाच काढलेले पैसे सगळीकडे चालतात.

"फरक किरकोळ." फ्रिजवर लावायच्या चुंबकावर किरकोळच. पाच डॉलरच्या वस्तूसाठी दर तपासत बसणाऱ्याने सुट्टीवर येऊच नये. पण बंदरावरची चकचकीत दुकानं चुंबकांवर चालत नाहीत. ती दागिने आणि घड्याळं विकतात, आणि दीड हजाराच्या अंगठीवर मघाचाच आठ टक्क्यांचा फरक १२० होतो. तेवढ्यासाठी कार्ड पुढे करण्याआधी एकदा विचारावं: हे कुठल्या चलनात, आणि दर काय धरलाय?