मुलांच्या हॉस्पिटलसाठी वर्गणी मागायला लाज कसली?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी मदतीचं एक आवाहन आलं. सांगलीकडचा लहान मुलगा, रक्ताचा कर्करोग, मुंबईत उपचार चालू. सोबत नळ्या लावलेला फोटो आणि क्यूआर कोड. तासाभरात वाद पेटला. पुण्यात स्थायिक झालेल्या एका वर्गमित्राने लिहिलं की हे पैसे मागणं बंद करा, हे सरकारचं काम आहे, आपण टॅक्स भरतो. ऑस्ट्रेलियात लेकराच्या आजारपणासाठी कुणी हात पसरतं का, विचारा हिला. आणि मेलबर्नला राहणाऱ्या मला टॅग केलं.

मला न विचारता साक्षीला उभं केलं, तर साक्ष देते. हो, पसरतात. दर वर्षी गुड फ्रायडेला सगळं मेलबर्न हात पसरतं, अगदी उजळ माथ्याने.

त्या दिवशी सकाळी सिग्नलला गाडी थांबली की सीएफए या इथल्या अग्निशमन दलाचे स्वयंसेवक डबा घेऊन खिडकीशी येतात. टीव्हीच्या चॅनल सेव्हनवर दिवसभर टेलिथॉन, म्हणजे देणग्या जमवण्याचा कार्यक्रम, चालू असतो. लहान लहान गावांतल्या शाळांनी, क्लबांनी, बेकऱ्यांनी आठवडे आधीपासून जमवलेले आकडे रात्री उशिरापर्यंत वाचून दाखवले जातात. २०१७ पासून गुड फ्रायडेला फुटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, मॅचही असते. हे सगळं पार्कव्हिलच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलसाठी. १९३१ मध्ये इथल्या काही वार्ताहरांनी खेळांची जत्रा भरवून पैसे जमवले, तिथून ही प्रथा सुरू झाली. अलीकडे एका वर्षात दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम जमते.

आता मित्राच्या मुद्द्याकडे येते. हे हॉस्पिटल सरकारी आहे. डॉक्टर-नर्सचे पगार, खाटा, विजेचं बिल, सगळं सरकारच्या पैशातून चालतं. माझी मुलगी लहानपणी दम्याने तिथे ॲडमिट होती, तेव्हा मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड दाखवण्यापलीकडे माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही. म्हणजे त्याला हवं ते सरकार इथे आहे. तरी लोक देतात. त्या पैशातून उपकरणं येतात, संशोधन होतं, नर्स आणि डॉक्टरांचं पुढचं शिक्षण होतं, लांबून आलेल्या कुटुंबांना आधार मिळतो. सरकार देतं म्हणून आपण सुटलो, असं इथे मला कुणी म्हटलेलं नाही. शिवाय हे हॉस्पिटल सरकारने उभं केलेलंच नव्हतं. १८७० मध्ये दोन डॉक्टरांनी गरीब मुलांसाठी मोफत दवाखाना काढला आणि गावातल्या बायकांच्या समितीने देणग्या मागून तो चालवला. सरकार मागाहून आलं.

आपल्याकडे निराळं काय घडलं? परळचं मुलांचं वाडिया हॉस्पिटल एका पारशी कुटुंबाने आईच्या, जेरबाईंच्या, नावाने १९२९ मध्ये काढलं. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल मिशनला मिळालेल्या देणग्यांवर १८९४ मध्ये उभं राहिलं. माझ्या आजोबांच्या पिढीला हे पाठ होतं. जानेवारी २०२० मध्ये महापालिका आणि राज्य सरकारचं अनुदान थकलं म्हणून वाडिया बंद पडायची वेळ आली. लोक रस्त्यावर उतरले, आणि पुतळ्यांना पैसे आहेत पण रुग्णालयाला नाहीत, असं उच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर सरकारला शिव्या घालणारे पुष्कळ होते. मुलांच्या वॉर्डासाठी दर वर्षी शंभर रुपये जमवू, असं एकानेही लिहिलं नाही.

आपले लोक कंजूष आहेत असं मी म्हणत नाही, म्हणूही देणार नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाला एका दुर्मीळ आजारावरचं १६ कोटींचं झोल्जेन्स्मा हे औषध हवं होतं, ते अनोळखी माणसांनी थोडं थोडं देऊन जमवलं आणि केंद्राने त्यावरचा कर माफ केला. पण एवढी मोठी मनं उघडतात ती एका चेहऱ्यासाठी. ज्याच्या बापाला व्हिडिओ करता येतो, ज्याच्या मामाला इंग्रजीत चार ओळी लिहिता येतात, त्याचा चेहरा आपल्यापर्यंत पोचतो. जतच्या ऊसतोड मजुराच्या मुलीचा पोचत नाही. इथे डबा धरणारा माणूस मला कुठल्या मुलाचा फोटो दाखवून पैसे मागत नाही. कोणाला काय हवं ते हॉस्पिटल ठरवतं.

आणि सरकारने सगळं दिलं तरी काय उरतं, हे मित्राने परळला जाऊन बघावं. रक्ताच्या कर्करोगाचे मुलांचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. औषधांचा बराच भार महात्मा फुले योजना किंवा टाटा हॉस्पिटलचे निधी उचलतील. पण मधल्या काळात राहायचं कुठे? बापाची मजुरी बुडते, आई दुसऱ्या लेकराला आजीकडे टाकून आलेली असते, फुटपाथवर चूल मांडलेली असते. मग कुटुंब एके दिवशी गावाकडची गाडी पकडतं आणि बरं होऊ शकणारं मूल अर्ध्या उपचारातून घरी जातं. खोलीचं भाडं कुठल्या योजनेत बसत नाही. मुंबईत सेंट ज्यूड इंडियासारख्या संस्था अशा मुलांना आईवडिलांसकट मोफत ठेवून घेतात, त्या देणग्यांवरच चालतात. टॅक्स भरला म्हणून ही खोली आपोआप मिळत नाही, मित्रा.

मंडळाची वर्गणी आपण कशी गोळा करायचो ते आठव. पावतीपुस्तक घेऊन गल्लीतलं एक दार सोडायचो नाही. कुणी म्हणालं का, गणपती बसवणं नगरपालिकेचं काम आहे? मला तर सांगलीची ती संध्याकाळ, मारुती रोडची गर्दी, 'काकू, यंदा एकावन्न तरी' म्हणत उभं राहणं, इथल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा जास्त आपली वाटते. मागायची कला आपल्याला इथल्यांनी शिकवायची गरज नाही. ती आपण मुलांच्या खाटेसाठी का वापरत नाही, एवढंच मी विचारते आहे.

यावर मित्राने लिहिलं, 'तुला तिकडे बसून बोलायला काय जातं.'

ते लागलं. कारण थोडं खरं आहे. तिकडे असते तर मीही कदाचित इन्शुरन्सची जुळवाजुळव करत, वैतागून, सरकारलाच बोलले असते. इथे मी सिग्नलला वीस डॉलर टाकते तेव्हा माझ्या मुलीचं बिल आधीच कुणीतरी भरलेलं असतं. मोकळ्या मनाने देणं सोपं जातं.

पण मला काहीच जात नाही, हे त्याने म्हणू नये. मुलीला हेक्स, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या फीसाठीचं सरकारी कर्ज, मिळावं म्हणून मी पासपोर्ट बदलला. तोवर मी मिरजेच्या एखाद्या संस्थेला माझ्या बचतीतून सरळ देणगी देऊ शकत होते, एनआरआय नागरिकाचे पैसे कायद्याने विदेशी धरत नाहीत. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड हातात आलं आणि एफसीआरएच्या, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, हिशेबात मी विदेशी स्रोत झाले. आता माझी देणगी त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीही दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यात. ओळखीच्या एका छोट्या ट्रस्टच्या काकांनी फोनवर फार अवघडून सांगितलं, 'ताई, तुमचे पैसे आम्हाला नाही घेता येणार.' त्यांचा दोष नव्हता, कायद्याचं कारणही मला समजतं. तरी त्या रात्री मी जेवले नाही. नळावर भांडलेल्या, पावत्या फाडलेल्या गल्लीतून मला नाही म्हटलं गेलं होतं.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच मागितलं आहे. दर वर्षी, आवाहन येवो न येवो, आपल्या बॅचने वर्गणी काढावी, आणि ती एका मुलाला न देता, मुलांच्या कर्करोगासाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावी. मुंबईतलं कुणीतरी जाऊन खर्च बघून यावं. एफसीआरए नोंदणी असलेली संस्था निवडावी, म्हणजे माझेही त्यात बसतील. भारतातल्यांचे त्यांच्या खात्यात, माझे दिल्लीच्या. पण यादी एकच करा, आणि माझं नाव तुकडीत जिथे होतं तिथेच लिहा.