लग्नाचा कोट आणि डांबरगोळ्या

कराडला मामेभावाचं लग्न चार दिवसांवर आलं म्हणून बायकोनं दिवाणाचं झाकण उचललं आणि आतनं जो वास आला ना, भिजलेलं पोतं नि ओली सतरंजी एकत्र मुरत घातल्यासारखा. कोट माझाच होता.

चूकही माझीच. जूनमधल्या लग्नात वरातीपुढं नाचलो, घाम आला, वर भुरभुर पावसात अर्धा भिजलो आणि लाँड्रीचे पैसे वाचवायला कोट तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून ठेवला. त्यात आम्ही राहतो साताऱ्यात यवतेश्वराच्या पायथ्याला, पावसाळ्यात ढग खिडकीतनं आत येऊन बसतात, टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाही. बुरशीला ओल, अंधार आणि कोंडलेली हवा लागते, ती मी दिलीच, शिवाय कॉलरला घामाचं जेवण. कॉलरच्या आत पांढरट ठिपके होते, बोटानं पुसले तर पीठ लागल्यासारखं.

आई म्हणाली, "अरे, डांबरगोळ्या टाकल्या असत्यास तर?" आता टाकू म्हणलं, तर बायको म्हणे त्या किड्यांसाठी असतात, बुरशीला काय करतायत. हे खरं होतं, पण तोवर आईनं दोन्ही खिशांत मूठभर कोंबल्या होत्या. मग शेजारच्या काकूंनी वेखंड दिलं. संध्याकाळपर्यंत कोट आयुर्वेदिक दुकानासारखा वासायला लागला, आणि त्याच्या खालून कुबट वास आपला जसाच्या तसा.

मी मोबाईलवर बघून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकदमच पाण्यात टाकला. मस्त फेस आला, मी खूश. मुलगी सातवीत आहे, ती म्हणाली, "बाबा, एक आम्ल एक आम्लारी, दोघं एकमेकांना संपवतायत, कोटाला काय उरणार?" फी वसूल झाली म्हणायची. मग नुसत्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून आतल्या अस्तरावर एका कोपऱ्यात आधी लावून बघितलं, रंग गेला नाही, तेव्हा सगळीकडं मारलं. घरभर लोणच्याचा वास. ठिपके गच्चीवर नेऊन ब्रशनं झाडले, कारण घरात झाडले की ती बुरशी दुसऱ्या कपड्यांवर जाऊन बसते.

खरं काम केलं शेवटी उन्हानं आणि वाऱ्यानं. दोन दिवस गच्चीवर कोट उलटा करून टांगला, मध्ये मध्ये मी जाऊन हुंगायचो, वरच्या मजल्यावरचे काका लांबनं बघायचे आणि काही विचारायचे नाहीत. (शालू मात्र बायकोनं सावलीतच टाकला, रेशमाचा रंग उन्हात उडतो म्हणे. कोटाच्या रंगाची कुणाला फिकीर नव्हती.)

लग्नाच्या दिवशी बायकोनं हुंगून पास केलं. हॉलमध्ये मामांच्या पाया पडायला वाकलो आणि वरच्या खिशातनं एक डांबरगोळी टणटण उड्या मारत गालिच्यावर गेली. एक लहान पोरगं पेपरमिंट समजून उचलायला धावलं, बायकोनं झडप घालून ती हिसकावली, ते विष असतंय, पोरानं भोंगा पसरला, सगळा हॉल आमच्याकडं बघायला लागला.

मामांनी मला हळूच जवळ ओढलं, स्वतःचा खिसा चाचपला आणि म्हणाले, "गप राहा. माझ्याकडं पण दोन हायेत."