हसा, पण जरा आधीपासून बघा

आज सकाळी एका ग्रुपवर ‘कोपेनिकचा कप्तान’ या जुन्या जर्मन सिनेमाची क्लिप आली. लष्करी कप्तानाचा जुना गणवेश चढवलेला म्हातारा चांभार रस्त्यात शिपायांना अडवतो आणि ते मुकाट त्याच्यामागे चालू लागतात. खाली प्रतिक्रिया: ‘जर्मन म्हणजे मेंढरं!’ डोकंच सणकलं माझं.

जर्मनीत शिकत असताना हा सिनेमा मी घरमालकीण आजींसोबत टीव्हीवर पाहिला. या प्रसंगाला आजी हसल्याच नाहीत. त्या हसल्या कचेरीत! तुरुंगातून सुटलेला फोख्ट, म्हणजे हाच चांभार, कामासाठी वणवण फिरतो. राहण्याचा परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून परवाना नाही. तिथे आजी डोळे पुसत हसत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व प्रशियातून, म्हणजे जर्मनीने गमावलेल्या मुलखातून, नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या बाईला यात काय दिसलं असेल, ते मी सांगायला हवं का?

फोख्ट खराखुरा माणूस. बर्लिनजवळच्या कोपेनिकमध्ये १९०६ साली त्याने हाताशी धरलेल्या शिपायांकरवी महापौरालाच अटक केली आणि तिजोरी घेऊन गेला. चार वर्षांची शिक्षा झाली, पण १९०८ मध्ये कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, माफ केलं. नाटककार त्सुकमायरने त्यावर १९३१ मध्ये नाटक लिहिलं. त्यात हा बिचारा पासपोर्टसाठी नगरपालिका ताब्यात घेतो आणि तिथे पासपोर्टचं खातंच नसतं! यावरही आजी हसल्या. मोठ्याने.

आणि दिग्दर्शक हेल्मुट कॉयटनरचा हा सिनेमा आला कधी? १९५६. पश्चिम जर्मनीत नवं सैन्य नुकतंच उभं राहिलेलं, सक्तीच्या भरतीचा कायदा त्याच वर्षीचा. पोरांना पुन्हा गणवेश चढवायची तयारी चाललेली, आणि थिएटरात लोक गणवेशालाच हसतायत. म्हणे मेंढरं!

बरं, कैसरच्या काळावर हसणं सोपं होतं, हिटलरच्या काळाला सिनेमा हातही लावत नाही. फोख्ट झालेला हाइन्झ र्‍यूमान स्वतः नाझी काळातही बडा स्टार होता. मान्य. पुढे?

असो, सकाळइतकी चिडलेली नाहीये आता. र्‍यूमान त्या ढगळ कोटात उभा राहतो ना, की राग टिकत नाही. कोणाला अख्खा सिनेमा बघायचा असेल तर रविवारी घरी या, चहा-पोहे माझ्याकडून. फक्त कचेरीतले प्रसंग चालू असताना मोबाईल काढलात तर पोहे मिळणार नाहीत.