फौज घुसवा म्हणे!

सुदानच्या यादवीतल्या अल-फाशेर शहराचा तो व्हिडिओ आज जिकडेतिकडे फिरतोय. मला तो शेवटपर्यंत बघवला नाही. त्याच्याखाली आपल्याच एका मित्राने लिहिलेलं मात्र नीट वाचलं. "अमेरिका असो, युरोप असो, कुणीतरी चार दिवस फौज घुसवली की हे सगळं बंद होईल. जगाला लाजच उरलेली नाही." खाली बदामांचा पाऊस. "अगदी मनातलं बोललास."

चार दिवस! कुठून आणता रे हा आकडा?

बदाम टाकणारे बहुतेक माझेही मित्र आहेत आणि चांगली माणसं आहेत. इराकवर अमेरिका चालून गेली तेव्हा हेच लोक संतापले होते. यांना युद्धाची खुमखुमी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. दीड वर्षाच्या वेढ्यात उपाशी ठेवलेलं शहर, मग त्यात घुसून केलेली कत्तल, हे बघून ज्याच्या पोटात कालवत नाही तो आपल्या यादीत नसेलच. इथवर भांडण नाही. आपल्याला वाईट वाटलं म्हणून तिसऱ्या कुणीतरी बंदूक घेऊन तिथे जावं, इथे भांडण सुरू होतं.

माझा मामा १९८७ मध्ये भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत, जाफन्याला होता. जुन्या मित्रांनी हे ऐकलेलं आहे, पुन्हा ऐका. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगोलग आपले जवान उतरले. लढायला नाही. श्रीलंकेचं सरकार आणि लढणाऱ्या तमिळ संघटना, या दोघांच्या मध्ये उभं राहायचं आणि संघटनांची शस्त्रं जमा करून घ्यायची, एवढंच काम. मामा सांगतो, सुरुवातीला लोकांनी हार घातले. चौकीवर एक शाळकरी पोरगा यायचा, मामाच्या ट्रान्झिस्टरसाठी. त्या ऑगस्टमध्ये गावसकरने लॉर्ड्सवर १८८ केल्या. ती बातमी पोराने मामाला दिली की मामाने पोराला, हे मामा दर वेळी वेगळं सांगतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. गावसकरवर भागत होतं.

ऑक्टोबर उजाडला आणि तीच फौज त्या संघटनांतल्या सर्वात बलाढ्य एलटीटीईशी लढू लागली. हे कसं झालं ते सांगायला बसलो तर रात्र सरेल. श्रीलंकेच्या ताब्यातल्या एलटीटीईच्या माणसांनी सायनाईड खाल्लं, त्यानंतर एलटीटीईने सिंहली लोकांच्या कत्तली केल्या आणि मधे उभे राहायला गेलेले आपण एका बाजूचे शत्रू झालो. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकच वाचला, तोही कैदी म्हणून. दिवाळीत जाफन्याच्या इस्पितळात रुग्ण, डॉक्टर, नर्स मारले गेले. तिथले लोक ते आजही विसरलेले नाहीत.

त्याच दिवसांत मामाच्या चौकीजवळच्या वस्तीची झडती झाली. सगळ्या पुरुषांना रांगेत उभं केलं. समोर जीपमध्ये एक माणूस, डोक्यावर पोतं, डोळ्यांपुरती दोन भोकं. एकेक जण पुढे यायचा. पोत्यातली मान हलली की तो बाजूला, नाही हलली की घरी. गावसकरवाला पोरगा पुढे आला आणि मान हलली.

पुढचं मामाला माहीत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांची तुकडी दुसरीकडे गेली.

ती मान कुणाची होती? एलटीटीईच्या विरोधातल्या संघटनेतला कुणी? पोराच्या बापाशी बांधावरून भांडलेला कुणी? की मान हलवली नाही तर आपलंच काही खरं नाही, एवढंच कळलेला कुणी गरीब जीव? आणि पोरगा खरंच त्यांच्यातला असेल तर? तेही शक्य आहे, तिथे त्या वयाच्या पोरांच्या हातात बंदुका होत्याच. मामाला यातलं काही कळायचा मार्ग नव्हता. त्याच्या साहेबाला नव्हता. दिल्लीला तर नव्हताच नव्हता. परक्या फौजेला यादवीतला शत्रू दिसत नाही, कुणीतरी तो दाखवावा लागतो. दाखवणाऱ्याचे स्वतःचे हिशेब असतात. माझं म्हणणं एवढंच आहे आणि चार दिवसांच्या गप्पा मारणाऱ्यांना नेमकं हेच ऐकायचं नसतं.

बरं, आपल्याला तमिळ माणूस अनोळखी होता का? त्याच भाषेचं एक अख्खं राज्य आपल्या देशात आहे. त्या संघटनांना आधी प्रशिक्षण आणि शस्त्रं आपणच दिली होती. एवढ्या ओळखीवर ही गत. पुढे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि आपल्याला घालवायला त्यांनी एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. म्हणजे ज्या दोघांच्या मध्ये आपण उभे होतो ते दोघे एक झाले, आपल्याविरुद्ध! जवळपास बाराशे जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची जहाजं मद्रासला लागली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागतालाही गेले नाहीत. पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने राजीव गांधींना मारलं. श्रीलंकेतलं युद्ध त्यानंतरही २००९ पर्यंत चाललं.

मामाचं मत माझ्यासारखं नाही, हेही सांगून टाकतो. त्याच्या मते फौजेचे हात बांधलेले होते, मोकळे सोडले असते तर निकाल लागला असता. मोकळ्या हातांनी त्या पोत्याआडचं जास्त स्पष्ट दिसलं असतं का, हे त्याला विचारायची माझी हिंमत होत नाही. तो तिथे होता, मी नव्हतो.

पण २०११ मध्ये टीव्हीवर लिबिया चालू होतं तेव्हा हाच मामा म्हणाला होता, "तिथे पोतं घालून कोण बसलंय?"

लिबिया आठवतंय ना? हुकूमशहा गद्दाफीच्या फौजेपासून बेनगाझीतले नागरिक वाचवायचे म्हणून मार्चमध्ये सुरक्षा परिषदेत ठराव झाला. भारत तटस्थ राहिला, तेव्हा आपल्यातल्याच काहींनी सरकारला भित्रं म्हटलं होतं. नागरिक वाचवता वाचवता नाटोची विमानं गद्दाफीला घालवूनच थांबली. सप्टेंबरमध्ये सार्कोझी आणि कॅमेरून बेनगाझीत गेले तर गर्दीने डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. हार तिथेही पडले! तीन वर्षांत देशात दोन सरकारं. एकामागे तुर्कस्तान, दुसऱ्यामागे इजिप्त, यूएई आणि रशियाची भाडोत्री माणसं. २०२३ मध्ये तिथल्याच डेर्ना शहराची धरणं फुटून हजारो माणसं समुद्रात वाहून गेली, तेव्हाही देशात दोन सरकारं होतीच. नंतरच्या दिवसाचा विचार केला नाही ही आपली सर्वात मोठी चूक, असं ओबामा पुढे म्हणाले. म्हणाले आणि निवृत्त झाले. डेर्नावाल्यांना निवृत्तीची सोय नव्हती.

आता तुम्ही रवांडा म्हणणार. म्हणा.

रवांडाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. १९९४ मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक कोयत्यांनी. संयुक्त राष्ट्रांचे सैनिक तिथे आधीपासून होते. बेल्जियमचे दहा मारले गेले तसं बेल्जियमने अंग काढून घेतलं आणि सुरक्षा परिषदेने कुमक वाढवायची सोडून संख्या २७० वर आणली. त्या सैनिकांचे प्रमुख जनरल दालेर आणखी सैनिक मागत राहिले. तिथे फौज जायला हवी होती, मान्य. हे लिहिताना माझा आवाज आपोआप खाली येतोय, कारण तिथे चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या आणि तिथेच मारल्या गेलेल्यांसमोर 'परक्या फौजेला शत्रू दिसत नाही' हे वाक्य मी उच्चारू शकलो नसतो. तरी एक बघा. शेवटी फ्रान्सची फौज गेली, आणि तिच्या आडून मारेकरीच झैरेत, म्हणजे आजच्या काँगोत, निसटले. काँगो त्यानंतर जो पेटला तो धुमसतोच आहे.

आणि १९७१. हो, तेही मान्य. पण तेव्हा एक कोटी माणसं आपल्या दारात आली होती, लढणारी मुक्तिवाहिनी त्याच मातीतली होती, आणि मार्च १९७२ पर्यंत आपली फौज परत फिरलीही होती. असा योग किती वेळा येतो?

पुन्हा सुदानकडे येतो, कारण खरा संताप तिथलाच आहे. बाहेरचं कुणी मधे पडत नाही म्हणून सुदान जळतंय, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा डोळे उघडावेत. बाहेरचे केव्हाच मधे पडलेत. इजिप्त बुरहानच्या लष्कराच्या मागे. यूएई आरएसएफला, म्हणजे त्या लष्कराशी लढणाऱ्या हेमेदतीच्या निमलष्करी दलाला, शस्त्रं पुरवतं या आरोपांना संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी दखल घेण्याजोगं म्हटलंय. यूएई ते नाकारतं, नाकारणारच. सुदानचं बहुतेक सोनं जातं कुठे? दुबईत. दारफुरमध्ये, म्हणजे अल-फाशेर ज्या भागात आहे तिथे, शस्त्रं नेण्यावर २००४ पासून बंदी आहे. कागदावर! ती बंदी पाळायला लावायला एकही सैनिक उतरवावा लागत नाही, फक्त श्रीमंत मित्राला दुखवावं लागतं. तेवढं सोडून सगळ्या सूचना येतात. मग कुणाला विमानं पाठवायची असतात, कुणाला चार दिवस.

आणि माणसं वाचवायचीच असतील तर पळून आलेल्यांना दार उघडा ना. चाडसारख्या कफल्लक देशाने लाखो सुदानी सामावून घेतलेत. २०२१ मध्ये म्यानमारमधून चिन जमातीचे लोक जीव मुठीत धरून आले, तेव्हा मिझोरामने त्यांना ठेवून घेतलं, केंद्र अडवा म्हणत असतानाही. त्या वेळी आजच्या बदामवाल्यांपैकी काही जण 'आधी आपल्या लोकांचं बघा' लिहीत होते. नावं घेत नाही. मला आठवतात.

म्हणजे परक्याच्या घरात आपली बंदूक गेलेली चालते, आपल्या घरात परक्याचं पोर आलेलं चालत नाही. वा!

असो. जास्त कडक झालं असेल तर झालं. खाली नुसतं '१९७१' टाकून पळू नका, त्याचं वर लिहिलंय. आणि ज्याने ती चार दिवसांची कमेंट केली तो हे वाचणार हे मला ठाऊक आहे. मित्रा, एवढंच सांग, फौज कुणाच्या बाजूने उतरवायची? बुरहानच्या की हेमेदतीच्या? २०२१ मध्ये दोघांनी मिळूनच सरकार उलथवलं होतं. नाव लिही, मग पुढचं बोलू.