भक्तीला ना नाही, दादा, त्या वहीला आहे

दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता मी पोरीला बापाच्या भक्तीपासून तोडून राहिली, पोथ्या-पारायणं तर घरोघरी असतात, अन् घटस्फोट झाला म्हणून बापाचा हक्क संपत नाही. शेवटचं एकदम मान्य. एक शनिवार सोडून एक मीच तिला स्कूटीवर नेऊन सोडते, उन्हाळ्याची अर्धी सुट्टीही तिकडेच, फॅमिली कोर्टात तसं लिहून दिलंय अन् आजवर मोडलं नाही.

पण पारायण वेगळं नं. माझी आई गजानन महाराजांची पोथी वाचते, पोरगी बाजूला बसते, कंटाळली की उठून जाते, कोणी काही म्हणत नाही.

तिकडे, तिचा बाप ज्या पंथात जातो तिथे, तिला एक वही दिलीय. घरी काय 'चुकीचं' झालं ते लिहायचं अन् तिथल्या ताईंना दाखवायचं. दप्तर भरताना सापडली मला. पहिल्याच पानावर, "आईने कांदा खाल्ला. आईने मावशीसोबत पिक्चर पाहिला. आईला सांगायचं नाही." नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खाल्ले होते मी, त्याचा हिशोब बापा! आधी हसू आलं, मग नाही आलं. नऊ वर्षांची पोट्टी अन् मायच्या प्लेटीचा रिपोर्ट.

माझं भांडण त्या तिसऱ्या वाक्याशी आहे. स्टीव्हन हॅसन म्हणून एक अमेरिकन आहे, स्वतः सन म्युंग मून या कोरियन धर्मगुरूच्या पंथातून बाहेर पडलेला, तो म्हणतो माणसाचं वागणं, माहिती, विचार अन् भावना कोणाच्या ताब्यात आहेत ते पाहा. देव कोणता, हा प्रश्नच नाही त्यात.

"एवढं आहे तर कोर्टात जा" म्हणता. 1956 च्या पालकत्व कायद्यात कलम 13 आहे, मुलाचं हित सगळ्यात वर. वकिलांनी वहीचे फोटो काढून ठेवायला लावले, ठेवलेत. अर्ज नाही टाकला, कारण उद्या जजसाहेबांनी तिला चेंबरमध्ये बोलावून विचारलं तर तिला वाटेल आपल्या वहीमुळेच झालं हे सगळं. अन् बाप तिला हवा आहे, मला नसला तरी.

आता तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या पोरांच्या पोळ्याचं सांगते. त्यांच्यात हे सण चालत नाहीत. तरी ती लाकडी नंदी घेऊन गल्लीभर फिरली, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळालेले पैसे, मोजत घरी आली अन् हळूच म्हणते, "बाबाला सांगू नको हं."

म्हटलं, सांग की. तोच तर लहानपणी आपल्या महाल भागात नंदी घेऊन फिरायचा.

फोन लावून दिला. काय बोलले दोघं ते ऐकलं नाही, गॅसवर दूध होतं.