आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे

‘नियतकालिकाला आयएसएसएन क्रमांक आहे, म्हणजे त्यातले लेख तज्ज्ञांनी तपासलेलेच असतात,’ असा संदेश संशोधकांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १९७५मध्ये आयएसओ ३२९७ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेला हा क्रमांक फक्त नियतकालिक ओळखण्यासाठी आहे. पाककृतींच्या मासिकालाही तो मिळतो. डीओआयचंही, म्हणजे लेखाला मिळणाऱ्या डिजिटल ओळख क्रमांकाचंही, तेच: तोही दर्जा सांगत नाही.

तज्ज्ञांकडून होणारं खरं परीक्षण वेगळं दिसतं. शैक्षणिक तंत्रज्ञानाचं उदाहरण घ्या. अ‍ॅप वापरणाऱ्या वर्गाची तुलना कोणाशी केली? गुण वाढले ते अ‍ॅपमुळे की जास्तीच्या सरावामुळे? लेखकाचे अ‍ॅपच्या कंपनीशी आर्थिक संबंध आहेत का? परीक्षक हे विचारतात, आणि बहुधा विनामानधन विचारतात.

म्हणून क्रमांकाऐवजी संपादक मंडळ, परीक्षणाची पद्धत आणि लेख मागे घेण्याचं धोरण पाहा. ‘२४ तासांत स्वीकृती’ अशी जाहिरात असेल, तर तिथे लेख पाठवू नका.